विसर्जनापर्यंत दडपून ठेव

आमच्या रत्नागिरीकडे माणसं काय काय दडपतात त्याला सुमार नाही. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, कांदा, मिरची घालायची, वर नारळाचं पाणी शिंपडायचं, ताट झाकायचं आणि ताटावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवून ते दडपायचे. तासाभरात पोहे मऊ होतात. चुलीतले निखारे राखेत दडपायचे, म्हणजे सकाळी काडी ओढावी लागत नाही. लग्नाच्या पंगतीत दडपून जेवायचं आणि घरी बायकोने विचारलं तर "दोन घास खाल्ले" असं दडपून खोटं बोलायचं. कुणाची पोरगी पळून गेली, कुणाच्या पोराची नोकरी गेली, की ते प्रकरण दडपायचं. हुंदका आला तर पदरात दडपायचा. आणि डॉक्टरने रिपोर्ट हातात घेऊन चष्मा वर केला, की छातीवर येतं त्याला दडपण म्हणायचं. एवढा संसार एका शब्दात आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. हल्ली मात्र कुणी नुसते दडपे पोहे पुढे केले तरी मला घास जात नाही.

त्याला कारण गेल्या वर्षीचे गणपती.

मी रत्नागिरीत फॉल-पिकोचं दुकान चालवते. हरतालिकेच्या दिवशी माझ्या दुकानात साड्यांचा ढीग असतो आणि प्रत्येक बाईला आपली साडी आत्ताच्या आत्ता हवी असते. त्या गडबडीत मुंबईहून चुलतभावाचा फोन आला. मला वाटलं, गाडीचं तिकीट मिळालं नाही म्हणून रडगाणं असेल. तो म्हणाला, "ताई, बाबा गेले. पहाटे."

काका दोन-तीन आठवडे इस्पितळात होते. फुप्फुसात पाणी झालं होतं. पण आदल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते की आता उतार आहे. मी कात्री खाली ठेवली. काही बोलणार, तेवढ्यात तो घाईघाईने म्हणाला, "गावी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचंही नाही. विसर्जनापर्यंत दडपून ठेव. तुला सुतक नाही, म्हणून तुला सांगतोय."

आमच्याकडची ही रीत बाहेरच्यांना चटकन कळायची नाही, म्हणून सांगते. भावकीत माणूस गेलं की घराला सुतक लागतं. सुतकात गणपती बसवता येत नाही, आणि बसलेला असला तर शेजाऱ्याच्या हातून लगेच विसर्जन करावं लागतं. पण सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यापासून. कानावर पडलीच नाही, तर लागत नाही. म्हणून सणाच्या तोंडावर माणूस गेलं की घरच्यांपासून बातमी लपवतात, सण उरकतात आणि मग सांगतात. तरी कुणातरी एकाला माहीत असावंच लागतं. फोन कोण आवरणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला कोण अडवणार? त्या कामाला लग्न झालेली मुलगी सगळ्यांत सोयीची. ती दुसऱ्या घरची झालेली असते, तिला चुलत्याचं सुतक नाही. डोक्यावरून पाणी घेतलं की ती मोकळी. घरात ठेवायची नसलेली वस्तू माणूस शेजाऱ्याकडे ठेवतो, तसा काकांचा मृत्यू माझ्याकडे ठेवला गेला. मला सुतक नव्हतं हे खरं. पण मला काका होता, त्याचं काय? एवढंसुद्धा कुणाच्या मनात आलं नाही, याचा राग मला त्या क्षणी आला तो अजून गेलेला नाही.

त्यातून माहेरी त्या वर्षी नव्या सुनेचा पहिला ओवसा होता. भावाच्या मुलाचं, माझ्या भाच्याचं, लग्न मे महिन्यात झालं होतं. लग्नानंतर नवी सून सुपं भरून गौरीला ओवाळते, तो ओवसा. तो दरवर्षी येत नाही, नक्षत्र जुळावं लागतं. एकदा चुकला की पोरीला आणखी कितीतरी वर्षं थांबावं लागतं, आणि तोवर बायका बोलून बोलून तिचा जीव खातात. त्या पोरीचं माहेर देशावरचं, कोल्हापूरकडचं. तिला आमच्या रीती नव्या. बिचारी फोनवर व्हिडिओ बघून सुपं कशी भरायची ते शिकत होती.

आणि बाबा. बाबांचं वय ऐंशीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, एकदम धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. काका त्यांचा एकुलता एक सख्खा भाऊ. आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर बाबा मनातलं बोलायचे ते फक्त काकांशी, रोज संध्याकाळी, फोनवर. सणाच्या मध्येच भलत्या माणसाच्या तोंडून त्यांना हे कळलं तर त्यांचं काय होईल, याची मला भीती होती. आणि न कळता सगळं पार पडलं, मग मी सांगितलं, तर ते मला कधी माफ करतील का, याची त्याहून जास्त.

नवरा मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. त्याला बोलावून घेतलं. तो एरवी मला चिडवतो की तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. त्या दिवशीही त्याच्या तोंडावर ते आलं होतं, पण माझ्याकडे बघून त्याने गिळलं आणि म्हणाला, "जा तू. दुकान मी बंद करतो."

मी घरी येऊन नळ मोठा सोडला आणि डोक्यावरून पाणी घेतलं. रडायला तेवढीच जागा होती. पण रडले असते तर डोळे सुजले असते, आणि बाबांना इतर काही दिसो न दिसो, माझे डोळे लगेच दिसतात. म्हणून नाही रडले. केस पुसले, पिशवी भरली आणि माहेरी जायला लांज्याची एसटी पकडली.

एसटीत खिडकीशी बसून मी काकांचा विचार करायचा नाही असं ठरवलं, म्हणजे तोच विचार. बारावीनंतर शिवणाचा कोर्स करायला मी मुंबईला त्यांच्याकडे राहिले होते. एका खोलीत ते, काकू, चुलतभाऊ आणि मी. काका छापखान्यात होते. घरी आले की शाईच्या बोटाने माझ्या नाकाला टिंब लावायचे आणि विचारायचे, "काय म्हातारे, आज किती सुया मोडल्यास?" मी अठरा वर्षांची होते. मला म्हातारे म्हणणारा जगात एवढा एकच माणूस होता. पाली गाव मागे पडल्यावर मी रुमाल तोंडाशी धरला. शेजारची बाई म्हणाली, गाडी लागते काय? मी म्हटलं, होय. तिने मला आवळासुपारी दिली.

घरी पोचले तेव्हा बाबा पडवीत बसून माटी बांधत होते. गणपतीच्या डोक्यावर रानफळं आणि पानं टांगतात ती माटी. मला बघून त्यांचे हात थांबले.

"काय गो बाय, आज कसा काय आलंस? तू गौरीला येतंस ना?"

"ओवसा आहे ना सुनेचा. वहिनी एकटी किती करणार?"

"बरा केलास." त्यांनी एक काकडी सुंभात अडकवली. "तुझ्या काकाने काल फोन केलान नाय. परवा पण नाय. तुला काय बोललान काय?"

मी म्हटलं, इस्पितळात फोन चालू देत नसतील. आणि तरातरा आत गेले. वहिनी हरतालिकेच्या उपासाने अर्धी झालेली, तरी उकडीची तयारी करत बसली होती. तिला काही माहीत नाही, माझ्या भावाला माहीत नाही, भाच्याला नाही, नव्या सुनेला नाही. त्या एवढ्या मोठ्या घरात मी एकटी.

पहिली लढाई बाबांच्या फोनशी. त्यांचा बटणांचा फोन आहे आणि त्यांना थोडं कमी ऐकू येतं, म्हणून त्याचा आवाज असा की खालच्या वाडीतली कुत्री भुंकतात. चतुर्थीला सकाळी भाऊ मूर्ती आणायला गेला होता, बाबा अंघोळीला, आणि फोन वाजला. मुंबईचा नंबर. सांत्वनाला कुणीतरी केलेला असणार, त्याशिवाय त्या वेळी कोण करतं? तो बंद करायचं बटण मला सापडेना. मी तो उचलून स्वयंपाकघरात पळाले आणि तांदळाच्या डब्यात घातला, कोपरापर्यंत हात आत घालून, पार तळाशी. तिथूनही तो वाजतच होता, पण आवाज दबला. मी डब्यावर झाकण लावलं आणि झाकणावर बसले.

वहिनी दारात उभी. "काय करताय वन्स?"

"बाबांचा फोन पावसात भिजला," मी म्हटलं. "तांदळात दडपून ठेवला की ओल निघून जाते. दोन दिवस कुणी हात लावू नका."

वहिनीला पटलं. ती म्हणाली, हो, माझ्या भावानेही असंच केलं होतं. नवी सूनही मान हलवून म्हणाली, यूट्यूबवर आहे ते. देवाने बुद्धी दिली म्हणायची. खोटं एवढं सरळ निघालं की माझं मलाच कसंतरी झालं.

सुनेचा फोन ही दुसरी काळजी. आमच्या खानदानाचा ग्रुप आहे, त्यावर कुणी फुलं आणि हात जोडलेलं चित्र टाकलं की संपलं. चुलतभावाने मात्र डोकं चालवून ग्रुप असा करून ठेवला होता की त्याच्याशिवाय कुणाला काही टाकता येऊ नये. बाप जाऊन तास झाला नसेल, आणि हे पोरगं ग्रुपचं सेटिंग बदलत बसलं होतं. ते आठवलं की अजून मला कळत नाही, त्याचं कौतुक करायचं की काय. सून विचारत होती, "आत्या, ग्रुपवर कुणीच बाप्पा मोरया का टाकत नाही?" मी म्हटलं, पावसात सगळं बंद पडतं आपल्याकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरापुढच्या खळ्यात उभी होते आणि समोरून शेजारच्या घरातला मुलगा येताना दिसला. तो मुंबईत काकांच्याच गल्लीत राहतो. आदल्या रात्रीच्या गाडीने गावी आला होता. आमच्या भावकीचं त्या वाडीत आमचं एकच घर, बाकी सगळी दुसऱ्या आडनावाची. त्यांना सुतक नाही, त्यांना काही लपवायचं कारण नाही. मी धावत जाऊन त्याला फणसाखाली गाठलं आणि त्याचा दंड धरला. "हे बघ, आत जाऊन काकांचं अक्षर काढलंस तर—"

तो हळूच म्हणाला, "आत्ये, मला माहीत आहे. आईने सांगितलंय, बोलायचं नाही."

"आईला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "वाडीत सगळ्यांना."

मी त्याचा दंड सोडला. म्हणजे काल आरतीला आलेल्या बायका, ज्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला वाटलं की या कधी नव्हे ती एवढी माया का करतायत, त्या सगळ्यांना माहीत होतं. भजनाला आलेल्या पुरुषांना माहीत होतं. मी प्रसादाचे पोहे देताना ज्यांनी माझी नजर चुकवली त्यांनाही. सगळी वाडी एक झाली होती, आमच्या सुनेचा ओवसा व्हावा म्हणून. चांगली माणसं आहेत हो, वाईट कुठे म्हणतेय मी? पण मला एकदम बाबांची कीव आली. आख्ख्या वाडीत आपला भाऊ गेल्याचं ज्याला माहीत नाही असा तो एक म्हातारा, आणि तो सगळ्यांना हसून बसायला पाट देत होता.

त्या संध्याकाळी आरती झाल्यावर बाबांनी गाऱ्हाणं घातलं. घरातल्या थोरल्याने देवापुढे उभं राहून सगळ्यांसाठी मागायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी एका सुरात "होय महाराजा" म्हणायचं. बाबांनी नव्या सुनेसाठी मागितलं, भातासाठी मागितलं, मुंबईला असलेल्या वाडीतल्या पोरांसाठी मागितलं. मग त्यांचा आवाज जरा खाली गेला. "आणि माझा धाकटा भाव इस्पितळात पडलाय, त्याला उभा कर, पुढच्या वर्षाला तुझ्या पायाशी आण, महाराजा." घरचे तेवढे दोन-तीन आवाज आले, वाडीतल्या कुणाचाच नाही. बाबांनी मागे वळून बघितलं. मीच मोठ्याने म्हटलं, "होय महाराजा." मग सगळ्यांनी म्हटलं. भाऊ नंतर म्हणाला की लोक दमलेत, आवाज लागत नाही यंदा कुणाचा.

गौरी आणायच्या दिवशी बाबांनी फोन मागितला. "दोन दिवस झाले, सुकला असेल. काढ तो."

मी म्हटलं, इथे रेंज कुठे आहे? रेंज नाही हे आमच्याकडचं सगळ्यांत उपयोगी खोटं आहे, कारण अर्ध्या वेळेला ते खरं असतं. पण बाबांनी छत्री घेतली. "सड्यावर जातो. तिथे लागतो." आमच्या घरामागे चढण चढलं की सडा, सपाट कातळ. गावातली सगळी पोरं तिथेच जाऊन बोलतात. स्प्रिंग बसवलेला माणूस त्या निसरड्या वाटेने एकटा निघाला, मी काय करणार? तुमचा अजून सुरू होत नाही, माझ्या फोनवरून लावू, म्हणत मागोमाग गेले. जाता जाता माझ्या फोनवरून चुलतभावाला दोन शब्द पाठवले, की बाबा फोन करतायत. ते गेले की नाही, कळलं नाही. सड्यावर पोचल्यावरच दोन काड्या दिसायला लागल्या.

वर धुकं होतं आणि कातळावर ती बारीक निळी फुलं आलेली. बाबा एका जांभ्या दगडावर बसले, धाप लागलेली, ओठ जरा काळपट. मी म्हटलं, बाबा, खाली चला, उद्या करू. ते म्हणाले, "गप बस. तो आवाज मोठ्याने येतो ते लाव."

काकांचा फोन बंद होता. मग बाबांनी चुलतभावाला लावायला सांगितलं. त्याने उचलला.

"काय रे, तुझा बाबा कसा हाय?"

"बरे आहेत, मोठे काका." त्याचा आवाज चांगला सरळ होता. "तोंडाला ऑक्सिजन लावलाय. बोलता येत नाही."

"बोलू नको म्हणावं. ऐकू तर येतंय ना? फोन कानाला लाव त्याच्या. मी बोलतो."

पलीकडे काहीच आवाज नाही. वाटलं, हा आता रडणार, संपलं सगळं. मग त्याचा आवाज आला, "लावलाय. बोला."

आणि बाबा बोलायला लागले. पाठीचा कणा ताठ करून, दोन्ही हातांनी फोन धरून, जणू काका समोर बसलेत. "अरे, मी बोलतोय. पडून राहायचं वय हाय काय तुझं? मी अजून चढण चढून आलोय, बघ. मूर्ती आणली. तुझ्यासारखी डोक्यावरून एका दमात नाय आणलान पोराने, वाटेत दोनदा टेकलान. खालच्या मळ्यातला भात पोटरीला आलाय, नवं खायला ये. सून चांगली हाय, फक्त भाताला मीठ घालते, देशावरची ना." ते थांबले. "आणि हे बघ, उगाच घाई करू नको. मी थोरला हाय. आधी माझा नंबर."

फोनमधून श्वास ऐकू येत होता. अडखळत, थरथरत येणारा. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ऐकतोय तो," ते म्हणाले. "श्वास बघ कसा येतोय."

मी पाठ फिरवली. पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि दातांनी धरून ठेवला. धुक्यात मला काही दिसत नव्हतं, ते एक बरं झालं.

ओवसा झाला. चांगला झाला. सुनेने सुपं ओवाळली, सगळ्यांच्या पाया पडली, बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सड्यावरून आल्यापासून ते खुशीत होते, दोन घास जास्त जेवत होते. मी मात्र त्यांच्याकडे बघत असायची. त्यांनी छातीवर हात नेला की मी ताडकन उठायची, आणि ते सदऱ्याचं बटण लावत असायचे. विसर्जनाला पऱ्यावर, गावच्या ओढ्यावर, गेलो, मूर्ती पाण्यात गेली, पाट घेऊन परत आलो. पोरं गुळखोबरं खात होती. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, वाडीनेसुद्धा. माझं काम आता सुरू होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी आधी भावाला सांगितलं. तो मटकन खाली बसला. म्हणाला, बाबांना तूच सांग, माझ्याने होणार नाही. मग मी बाबांची छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी मुठीत धरली आणि पडवीत त्यांच्याजवळ जाऊन बसले. गेले पाच दिवस मी वाक्यं जुळवत होते. त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "बाबा, काका गेले."

ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी खळ्यातल्या शेणावर बसलेल्या कोंबडीकडे बघितलं. मग म्हणाले, "कधी?"

"हरतालिकेला. पहाटे."

ते मनात काहीतरी मागे मागे लावत होते, हे मला दिसत होतं. आणि कुठे पोचले, तेही दिसलं. "मग सड्यावरून मी बोललो ते?"

"त्याच्यानंतर, बाबा."

"श्वास येत होता."

"त्याचा होता. मुलाचा. त्याने फोन स्वतःच्याच कानाला लावला होता."

आता ते मला काय म्हणतील त्याची मी वाट बघत होते. मूठ एवढी आवळली होती की गोळीचं पाकीट हातात रुतलं. त्यांनी विचारलं, "तेव्हा त्या पोराजवळ कोण होतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. काकू आधीच गेलेल्या. "एकटाच होता."

"एकटा," बाबा म्हणाले. "आणि मी त्याला मिठाच्या गोष्टी सांगत होतो."

ते उठले, विहिरीवर गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. भाऊ त्यांच्या मागे उभा होता. ओल्या पंचाने परत येऊन ते पुन्हा माझ्याशेजारी बसले. केसांतून पाणी गळत होतं. "चांगला केलास असा मी म्हणणार नाय," ते म्हणाले. "पण तू तरी काय करणार होतंस?" थोड्या वेळाने म्हणाले, "तू रडलंस?"

मी मान हलवली. नाही.

"घरात गणपती, कुठे रडणार तू. आता रड. सुतक नसेल तुला, ते भटजीचं. काका होता ना तुझा? रड, कोण अडवत नाय."

मी रडायला बसले. खरंच बसले, पाय दुमडून, पदर डोळ्यांशी घेऊन. तोंड उघडलं. काही आलं नाही. घसा कोरडा, डोळे कोरडे. मी काकांना आठवलं, नाकावरचं शाईचं टिंब आठवलं, मुद्दाम आठवलं. छातीत काहीतरी होतं, पण ते दगडासारखं खाली बसलेलं, वर यायलाच तयार नाही. बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग तेच रडायला लागले. एवढ्या मोठ्याने की मी घाबरले, गोळी पुढे केली. त्यांनी ती हाताने बाजूला सारली. आवाज ऐकून वाडीतल्या बायका धावत आल्या आणि त्याही मोकळ्या गळ्याने रडल्या. पाच दिवस त्यांनीही धरून ठेवलं होतं. वहिनी रडली, सून रडली, भाऊ खांबाला डोकं टेकून रडला. सगळ्यांना पाणी कोण देणार, देव्हारा कोण आवरणार, शेजारून आलेला चहा कोण ओतणार? सगळ्या घराला सुतक लागलेलं. मीच एकटी मोकळी होते, तर मीच ते करत राहिले.

बाबा बरे आहेत. चुलतभावाला त्यांनी दिवाळीत गावी बोलावून घेतलं. मला आता रोज संध्याकाळी सड्यावरून फोन करतात, काकांना करायचे तसा. भाताचं सांगतात, सुनेचं सांगतात. फोन ठेवायच्या आधी मधूनच कधीतरी विचारतात, "रडलंस काय गो?"

मी म्हणते, होय बाबा, रडले. रडू अजून आलेलं नाही.